उद्या पुन्हा खेळायचंय

संध्याकाळचे साडेपाच. इमारतीच्या मागच्या बोळात भिंतीवर विटेच्या तुकड्यानं ओढलेले तीन स्टंप, एक रबरी चेंडू आणि सात-आठ मुलं. ‘एक टप्पा आउट’ हा नियम ठरलेला. चेंडू उडतो, जमिनीवर आपटतो, पाण्याच्या टाकीला लागतो आणि झेल घेणाऱ्याच्या हातात येतो.

‘‘आउट!’’

‘‘दोन टप्पे पडले.’’

‘‘एकच पडला. दुसरा टाकीला लागला.’’

‘‘मग टाकीला लागला म्हणजे टप्पाच ना!’’

‘‘कोणी ठरवलं?’’

बाद ठरलेला मुलगाच बॅटचा मालक. ‘‘रडीचा डाव आहे तुमचा, मी नाही खेळत,’’ असं म्हणून तो बॅट काखेत मारतो आणि जिना चढून निघून जातो. कोणीतरी त्याच्या पाठीला करंगळी दाखवतं. कट्टी. खेळ संपला.

वरच्या गॅलरीतून पाहणाऱ्याला वाटावं की आता हे आठवडाभर एकमेकांचं तोंड पाहणार नाहीत. पण दुसऱ्या दिवशी साडेपाचला तीच मुलं, तोच बोळ, तीच बॅट. मधल्या चोवीस तासांत कोणी मध्यस्थी केलेली नसते, कोणी माफी मागितलेली नसते. हे जमतं कसं, याचा शोध म्हणजे हे प्रकरण. मला सांगायचं आहे ते थोडक्यात असं: शेजारच्या पोरांची मैत्री चुरशीवरच पोसली जाते, आणि ती चुरस ताब्यात ठेवते ती एकच जाणीव. उद्या पुन्हा यांच्याशीच खेळायचं आहे.

भिडू पाडण्याची विद्या

खेळ सुरू होण्याआधीची पाच मिनिटं नीट पाहावीत. दोन म्होरके ठरतात. उरलेल्यांनी आपापसांत जोड्या लावायच्या. अट एवढीच की जोडीतले दोघं साधारण सारख्या ताकदीचे हवेत. जोडी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून थोडी लांब जाते, कुजबुजत नावं ठरवते आणि परत येऊन विचारते, ‘‘हापूस घेणार की पायरी?’’ म्होरक्यानं ‘हापूस’ म्हटलं की ते नाव ज्यानं घेतलं तो त्याचा भिडू, आणि पायरी आपोआप समोरच्याकडे. पुढच्या जोडीला दुसऱ्या म्होरक्याची पाळी.

या साध्या रिवाजात बरंच काही दडलेलं आहे. सारख्या ताकदीचा जोडीदार शोधायचा, तर आपली ताकद किती हे आधी स्वतःशी कबूल करावं लागतं. ‘मी तुझ्याबरोबर नाही येत, तू फास्ट टाकतोस’ असं एखादं पोर बिनदिक्कत सांगतं, तेव्हा ते स्वतःचं मोजमाप करत असतं. दोन्ही संघ तोलामोलाचे होतात, म्हणून खेळ रंगतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकेक नाव पुकारून संघ निवडताना शेवटी जो उरतो, त्याच्या वाट्याला येणारी नामुष्की इथं कोणाच्याच वाट्याला येत नाही.

राज्य कोणावर, हे ठरवायला ‘चकणं’ असतं. तिघांनी हातावर हात टेकवून एकदम पालथे किंवा उताणे करायचे. ज्याचा हात वेगळा पडला तो सुटला. शेवटी उरेल त्याच्यावर राज्य. मोठा असो, दांडगा असो, बॅटचा मालक असो, चकताना सगळे सारखे. आणि विषम संख्या झाली तर एकाला ‘कॉमन’ करायचं, म्हणजे तो दोन्हीकडून बॅटिंग करणार. कोणाला घरी पाठवायचं नाही.

आज जो समोरच्या संघात आहे, तो उद्या आपला भिडू असू शकतो. वाड्यातल्या, चाळीतल्या, गल्लीतल्या चुरशीचं हे वैशिष्ट्य मनात ठेवा. पुढे ते उपयोगी पडणार आहे.

टाकी म्हणजे टप्पा, हे कोणी ठरवलं?

हाच प्रश्न जिनिव्हा आणि न्यूशाटेल या स्विस शहरांतल्या मुलांना जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञानं विचारला होता. त्याचं साधन होतं गोट्या. तो मुलांपुढे गोट्या ठेवायचा आणि सांगायचा की लहानपणी मी खूप खेळलोय, पण आता विसरलोय, मला शिकव. मुलं शिकवू लागली की तो हळूच विचारायचा की हे नियम कुठून आले? ते बदलता येतील का? या गप्पांमधून 1932 साली त्याचं मुलांच्या नैतिक विचारांवरचं पुस्तक आलं.

त्याला दिसलं ते असं. चार-पाच वर्षांची मुलं मोठ्यांची नक्कल करतात, पण खेळतात आपापलं. एका खेळात सगळेच जिंकलेले असू शकतात आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. सात-आठ वर्षांच्या सुमारास जिंकण्याची ओढ लागते, आणि जिंकणं म्हणजे दोघांनी एकाच नियमानं खेळून जिंकणं, हे उमगतं. म्हणजे चुरस आणि सहकार्य ही जुळी भावंडं आहेत. नियम एकत्र पाळल्याशिवाय हरवता येत नाही. अकरा-बारापर्यंत नियमांचा बारीक कीस पाडण्यातच खेळाइतकी गोडी वाटू लागते.

नियमांच्या उगमाबद्दलची उत्तरंही वयानुसार बदलत गेली. लहान मुलांच्या मते नियम वडिलांनी, वडीलधाऱ्यांनी किंवा देवानं केलेले, म्हणून ते बदलायचे नसतात. मोठी मुलं म्हणाली की सगळ्यांना मान्य असेल तर बदलू. पियाजेच्या मते हा बदल आईबाप किंवा शिक्षक घडवू शकत नाहीत, कारण त्यांच्याशी नातं बरोबरीचं नसतं. तो बरोबरीच्यांशी भांडून घडतो. ‘कोणी ठरवलं?’ असं बोळात ओरडणारं पोर उद्धट नसतं. नियम माणसं करतात, हे त्याला कळलेलं असतं.

काही वारसा मात्र खरोखर मागून येतो, आणि तोही मुलांच्याच हातून. विटीदांडूत विटी कोलून दांडूनं अंतर मोजताना आपल्याकडे ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असं मोजतात. पुढचे शब्द गावागणिक बदलतात, पण हे चार ऐका आणि तेलुगूतले एक ते चार ऐका: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. ज्या पोरांना तेलुगूचा गंधही नव्हता, त्यांनी हे अंक पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना शिकवले. शाळेच्या कुठल्याही पुस्तकाविना हे घडलं.

टॅम्प्लीज आणि कच्चं लिंबू

इंग्लंडमध्ये आयोना आणि पीटर ओपी या दांपत्यानं शाळकरी मुलांची बोली, यमकं, शपथा आणि खेळ गोळा करण्यात आयुष्य घातलं. शाळकरी मुलांच्या बोलीवरचा त्यांचा मोठा ग्रंथ 1959 मध्ये आला, तर रस्त्यावरच्या खेळांवरचा 1969 मध्ये. खेळ चालू असताना ‘थांबा, मला सूट द्या’ हे सांगण्यासाठी देशाच्या कुठल्या भागातली मुलं कोणता शब्द वापरतात, याचा त्यांनी नकाशाच काढला. लंडनच्या बाजूला ‘फेनाइट्स’, वायव्येकडे आणि स्कॉटलंडात ‘बार्ली’. बोटांवर बोटं चढवून हा शब्द उच्चारला की पाठलाग करणाऱ्यानं थांबायचं, म्हणजे थांबायचंच.

आपलं ‘टॅम्प्लीज’ याच कुळातलं. ‘टाइम प्लीज’ हे इंग्रजी शब्द मुलांनी चावून चावून मराठी केले. चप्पल निसटली, गुडघा फुटला, आईनं हाक मारली, की टॅम्प्लीज. तेवढ्यात पकडलं तर ते धरत नाहीत. या शब्दामागे ना पोलीस, ना पंच. तरी तो पाळला जातो, कारण आज मी पाळला नाही तर उद्या माझा कोणी पाळणार नाही.

आणि कच्चं लिंबू! शाळेत एका वर्गात एकाच वयाची मुलं बसतात. गल्लीत चार वर्षांच्या शेंबड्या धाकट्यापासून तेरा वर्षांच्या दादापर्यंत सगळे एकत्र. धाकट्याला ‘ताई, तू यालाही घेऊन जा’ म्हणून आईनं गळ्यात बांधलेलं असतं. त्याला खेळात घेतलं तर खेळाचा विचका, न घेतलं तर ताईलाच घरी जावं लागणार. मुलांनी यावर तोडगा काढला. धाकटं कच्चं लिंबू. ते पळेल, ओरडेल, त्याला धप्पाही बसेल, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. ते खेळात असतं आणि नसतंही. शिकता शिकता एक दिवस ते स्वतःच हट्ट धरतं की मी आता कच्चं लिंबू नाही, माझ्यावर पण राज्य द्या. सवलत नाकारून जबाबदारी मागण्याचा तो क्षण मला बालपणातल्या फार मोठ्या क्षणांपैकी एक वाटतो.

जवळचे मित्र भांडतात कसे?

मित्र कमी भांडत असतील, असा आपला समज असतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले विलार्ड हार्टप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांची भांडणं बारकाईनं पाहिली आणि 1988 मध्ये निष्कर्ष मांडले. मोकळ्या खेळात होणारी मित्रांची भांडणं इतरांच्या भांडणांपेक्षा लांबीनं कमी नव्हती. फरक होता तो पुढे. मित्रांच्या भांडणाचा भडका कमी होता. एकानं जिंकायचं आणि दुसऱ्यानं हरायचं असं न होता निम्मं-निम्मं होऊन ती अधिक मिटत. आणि भांडण झाल्यावरही मित्र तिथंच जवळपास रेंगाळत राहत. मित्र नसलेले पांगून जात.

हे रेंगाळणं आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. कट्टी घेतलेलं पोर घरात जात नाही, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसतं. तोंड फिरवून बसतं, पण कान खेळाकडे असतात. मग चेंडू घरंगळत त्याच्या पायाशी येतो. तो उचलून परत फेकायचा की नाही? फेकला की झालं. दोन बोटं जोडून बट्टी करण्याचीही गरज उरत नाही.

मैत्रीचा अर्थही वयाबरोबर पिकत जातो. रॉबर्ट सेलमन या अभ्यासकानं मुलांना एक पेच घातला. एका मुलीनं जुन्या मैत्रिणीला भेटायचा शब्द दिलाय, आणि त्याच वेळी शेजारी नव्यानं आलेली मुलगी तिला एका खेळाचं तिकीट देऊ करते. तिनं काय करावं? लहानग्यांच्या लेखी आत्ता जी बरोबर खेळतेय ती मैत्रीण. त्याहून मोठ्यांच्या लेखी देवाणघेवाण महत्त्वाची: तू माझं केलंस, मी तुझं करीन. आणि नऊ-दहाच्या पुढे जुन्या मैत्रिणीला काय वाटेल, हा विचार मनात घर करतो.

हॅरी स्टॅक सलिव्हन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञानं याच वयातल्या एकाच जिवलग सोबत्याला फार मोठं स्थान दिलं. त्याचे विचार त्याच्या मृत्यूनंतर 1953 मध्ये पुस्तकरूपात आले. त्याचं म्हणणं असं की दुसऱ्याचं सुख आपल्या सुखाइतकं महत्त्वाचं वाटणं माणसाला पहिल्यांदा या मैत्रीत कळतं. सलिव्हन स्वतः न्यूयॉर्क राज्यातल्या आडबाजूच्या शेतावर एकाकी वाढला. खेळगड्याची किंमत त्याला खेळगडी नसण्यातून कळली होती.

चुरस कधी वैर होते

1954 च्या उन्हाळ्यात मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञानं ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह या रानातल्या शिबिरात सुमारे अकरा वर्षांची 22 मुलं नेली. कोणीच कोणाला ओळखत नव्हतं. अकरा-अकरांचे दोन गट आधी एकमेकांपासून दूर ठेवले. प्रत्येक गट आपसांत घट्ट झाला. एकानं स्वतःला ‘रॅटलर्स’ म्हटलं, दुसऱ्यानं ‘ईगल्स’. मग स्पर्धा लावली. बक्षिसं फक्त विजेत्यांना. बघता बघता झेंडे जाळले गेले, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी पडल्या, एकत्र जेवायला बसवलं तर अन्न फेकाफेकी झाली.

नुसतं जवळ आणून काही साधलं नाही. मग शिबिराचं पाणी बंद पडलं, जेवण आणणारा ट्रक अडून बसला, म्हणजे शेरीफच्या माणसांनीच तशी योजना केली. एका गटानं भागणारं ते काम नव्हतं. रस्सीखेचीसाठी वापरलेला दोरच ट्रकला बांधून सगळ्यांनी मिळून ओढला. अशी कामं पडत गेली तसं वैर निवळलं. परतताना मुलं एकाच बसमधून आली, आणि एका गटानं जिंकलेल्या पाच डॉलरमधून सगळ्यांना दुधाचं पेय पाजलं.

हा प्रयोग जगभर शिकवला जातो. त्याच्या आधीच्या वर्षीचा, 1953 चा प्रयोग मात्र कमी सांगितला जातो, कारण तो फसला. न्यूयॉर्क राज्यातल्या मिडल ग्रोव्हजवळच्या त्या शिबिरात मुलांची आधी एकमेकांशी ओळख झाली होती, दोस्ती जुळली होती. नंतर त्यांचे दोन गट केले. भांडणं लावायचे प्रयत्न झाले, पण मुलं पेटेनात. उलट, हे मोठ्यांचंच काम असणार असा संशय त्यांना आला. शेवटी प्रयोग गुंडाळावा लागला.

दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की हापूस-पायरीचं महत्त्व कळतं. गट कायमचे झाले, बक्षीस एकालाच मिळालं आणि समोरच्याची ओळखच नसली, तर चुरशीचं वैर होतं. गट रोज नव्यानं पडले आणि समोरचा आधीचा ओळखीचा असला, तर तीच चुरस खेळाचं मीठ होते.

भांडण आणि छळ

गल्ली म्हणजे काही गोकुळ नव्हे. तिथं एखाद्या पोराच्या तोतरेपणावरून, रंगावरून, वडिलांच्या धंद्यावरून नाव पडतं आणि ते जन्मभर पुरतं. ‘त्यांच्यात खेळायला जायचं नाही’ हे वाक्य मुलं घरात ऐकतात आणि खाली आणतात. जातीची, धर्माची, पैशाची भिंत मुलांनी बांधलेली नसते, पण बोळात ती उभी राहते.

नॉर्वेत काम केलेले डॅन ओल्वियस यांनी आखून दिलेली रेषा इथं उपयोगी पडते. मुद्दाम त्रास देणं, तो पुन्हापुन्हा देणं आणि ज्याला देतात त्याला परतवता न येणं, या तीन गोष्टी एकत्र आल्या की तो छळ. 1983 मध्ये नॉर्वेत छळाविरुद्ध देशभर मोहीम निघाली, तिच्यामागे त्यांचंच काम होतं. टप्प्यावरचं भांडण दोन तुल्यबळांचं असतं. त्यात मोठ्यांनी पडू नये. छळात पडलंच पाहिजे.

गॅलरी, रस्ता आणि मोटारी

‘उद्या पुन्हा’ हे शक्य व्हायला जागा लागते. 1920 च्या दशकात मुंबईत वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथं बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. एकूण 207 इमारती, एकेका इमारतीत 80 खोल्या, एकेक खोली 160 चौरस फुटांची. राहायला ही जागा दाटीची होती, त्या हालअपेष्टांचं कौतुक करू नये. पण एका जिन्यावर 80 बिऱ्हाडं म्हणजे सगळ्या वयांची मुलं हाकेच्या अंतरावर. खोलीत मावत नाहीत म्हणून ती गॅलरीत आणि आवारात. कोणाच्या घरी आधी फोन करून जायचं नसतं. खाली नुसतं डोकावलं की खेळ चालू.

सॅन फ्रान्सिस्कोत डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनाकारानं तीन सारख्याच रस्त्यांची तुलना केली. एकावर दिवसाला सुमारे 2,000 वाहनं, दुसऱ्यावर 8,000, तिसऱ्यावर 16,000. शांत रस्त्यावरच्या माणसाला आपल्या रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, गजबजलेल्यावर एकही पुरता नव्हता. मोटारी माणसांना चिरडतात तेवढ्याच मैत्र्याही चिरडतात, पण त्याची नोंद कुठल्या पोलीस ठाण्यात होत नाही. इंग्लंडमध्ये 1971 साली सात-आठ वर्षांची 80 टक्के मुलं मोठ्यांशिवाय शाळेत जात. 1990 मध्ये हे प्रमाण 9 टक्क्यांवर आलं. रस्ता गेला तसा बाहेरचा खेळही आक्रसला.

खेळणं हा मुलांचा हक्क आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातलं 31 वं कलम सांगतं. भारतानं तो करार 1992 मध्ये मान्य केला. सोसायटीच्या फाटकाशी ‘आवारात खेळू नये’ ही पाटी रंगवताना हे कलम कोणालातरी आठवायला हवं. क्लास, शिबिर, कोचिंग यांत मुलं खेळतात, पण तिथं संघ प्रशिक्षक पाडतात, नियम छापील असतात आणि वाद पंच मिटवतात. चकणं, कच्चं लिंबू, टॅम्प्लीज यांना तिथं जागा नाही. मुलाला खेळ येतो, पण खेळ मांडता येत नाही.

मोठ्यांनी करायचं ते थोडंसंच आहे. मोटारी हटवून एक कोपरा मोकळा ठेवायचा. रोजचा एक तास कशानंही न भरता सोडून द्यायचा. धाकट्याला ताईच्या गळ्यात बांधायचं. आणि खाली आरडाओरडा झाला की लगेच डोकावायचं नाही. रक्त नसेल, छळ नसेल, तर थांबायचं. मुलं त्या वेळी फार गंभीर काम करत असतात.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला बॅटचा मालक जिना उतरून आला. शेवटच्या पायरीवर थांबला. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. भिंतीवरचे स्टंप पुसट झाले होते, ते एक जण पुन्हा गिरवत होता. दुसऱ्यानं टाकीवर खडूनं फुली मारली आणि मोठ्यानं जाहीर केलं, ‘‘आजपासून टाकीला लागला तर टप्पा धरायचा.’’ मग काल झेल घेणारा मुलगा चेंडू हातात खेळवत म्हणाला,

‘‘चल, उभा राहा. काल तुझे दोन बॉल राहिलेत.’’